सरकारी मदत आणि अर्धेलीचा शेतकरी

शेतकऱ्याला सरकारने पैसा द्यावा की न द्यावा, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झडतात. दिलेला पैसा अखेर कोणाच्या हाती पडतो, याची चौकशी मात्र फारसा कोणी करीत नाही. अमेरिकेच्या कापूसपट्ट्यात १९३३ नंतर जे घडले, ते या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे.

१९२९ साली पौंडाला सुमारे १७ सेंट असलेला कापसाचा भाव मंदीच्या तडाख्याने १९३१-३२ मध्ये ६ सेंटांच्या आसपास आला. तेव्हा १२ मे १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. पीक कमी काढा, म्हणजे भाव चढतील. आणि कमी काढल्याबद्दल सरकार भरपाई देईल, असे त्याचे सूत्र होते. कापूस तर आधीच पेरलेला! तेव्हा सुमारे १ कोटी एकरांवरील उभे पीक नांगराखाली गेले. भाव १० सेंटांच्या घरात पोहोचला. योजनेचे हे यश नाकारता येणार नाही.

आता आर्कान्सा राज्यातील पॉइन्सेट काउंटीकडे वळू. काउंटी म्हणजे साधारणतः आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा एक विभाग. येथील कापूस पिकवीत ते बहुतांशी अर्धेलीवाले. जमीन, खेचरे, अवजारे आणि राहण्याचे खोपटे मालकाचे, श्रम कुळाचे, पीक निम्मेनिम्म. वर्षभराची उधारी मालकाच्याच दुकानी.

१९३४-३५ च्या करारात, पीक न काढल्याबद्दल पौंडामागे साडेचार सेंट ठरले. त्यांपैकी साडेतीन सेंट जमिनीचे भाडे म्हणून मालकाचे. उरलेल्या एका सेंटात दोघे निम्मे भागीदार. म्हणजे मालकाला चार सेंट आणि अर्धेलीवाल्याला अर्धा! शक्य तोवर कुळांची संख्या कमी करू नये, असे कलम करारात होते. परंतु तक्रार ऐकणाऱ्या स्थानिक समित्यांवर वजन मालकांचेच. पेरा घटला, तशी माणसे नकोशी झाली आणि कुटुंबेच्या कुटुंबे रस्त्यावर आली.

जुलै १९३४ मध्ये याच काउंटीतील टायरोन्झा गावी ११ गोरे आणि ७ काळे असे १८ जण एकत्र बसले व त्यांनी कुळांचा संघ स्थापिला. वर्णभेदाच्या त्या मुलखात ही गोष्ट सामान्य नव्हे. तीच कुळे जमिनीवर ठेवली पाहिजेत, असा कलमाचा अर्थ लावणाऱ्या सरकारी वकिलांना मात्र फेब्रुवारी १९३५ मध्ये शेतीमंत्री हेन्री वॉलेस यांच्या संमतीने घरी जावे लागले.

पुढे कुळांचा हिस्सा वाढला. पण कुळाला वाटा द्यावा लागतो, मजुराला लागत नाही, हे मालकांनी ओळखले. कूळ मोडून रोजाने माणसे लावण्याकडे त्यांचा कल झाला, आणि सरकारी पैशातून ट्रॅक्टर घेणेही सोयीचे ठरले.

तात्पर्य, मदत जमिनीच्या मालकीला चिकटली की कष्टकरी तिच्या बाहेर राहतो. आपल्याकडे २०१९ मध्ये सुरू झालेल्या किसान सन्मान निधीचे वर्षाला ६००० रुपये जमीनधारक कुटुंबाला मिळतात. सातबाऱ्यावर नाव नसताना दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याला मिळत नाहीत. देश निराळा, काळ निराळा. प्रश्न मात्र ओळखीचाच आहे. म्हणून यापुढे मदतीचा आकडा कानी पडला, की ती कोणाच्या नावाने निघाली, हेही आपण विचारले पाहिजे.