दहा सेंटिमांचं पदक

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाने बैठकीच्या खोलीत सावित्रीबाईंची मोठी तसबीर लावायचं ठरवलं. प्रत्येकीने दहा रुपये द्यायचे होते. तेवढ्यात गावातले एक पुढारी म्हणाले, "दहा-दहा रुपये कशाला गोळा करता? सगळा खर्च मी देतो. खाली माझं नाव घाला म्हणजे झालं." काही जणींना ते पटलंही. तेव्हा बैठकीत मी एका पदकाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर १४ एप्रिल १८६५ च्या रात्री नाटकगृहात गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. चार वर्षांचं यादवी युद्ध संपत आलं होतं आणि गुलामगिरी मोडायला निघालेला माणूसच मारला गेला होता. ही बातमी समुद्रापलीकडे फ्रान्सला पोचली, तेव्हा तिथली साधी माणसंही हळहळली.

फ्रान्समधल्या नांत शहरातल्या एका वृत्तपत्राने आवाहन केलं, की लिंकन यांच्या पत्नी मेरी यांना लोकांच्या पैशातून सोन्याचं पदक पाठवू. वर्गणीला एक अट होती. दहा सेंटिमांपेक्षा जास्त कुणी द्यायचं नाही. एका फ्रँकचे शंभर सेंटिम होत, म्हणजे ही रक्कम फ्रँकचा दहावा भाग. श्रीमंतालाही तेवढीच मुभा आणि मजुरालाही तेवढीच. पदक एकट्या कुणाचं होऊ नये, हा त्यातला अर्थ.

फ्रान्समध्ये तेव्हा तिसऱ्या नेपोलियनचं राज्य होतं. आधी लोकांनी निवडून दिलेला हा माणूस पुढे प्रजासत्ताक मोडून सम्राट झाला होता. अशा राज्यात, दोनदा निवडून आलेल्या आणि तरी राजा न झालेल्या लिंकनचं कौतुक म्हणजे सम्राटाला टोमणाच! सरकारने वर्गणी थांबवली, पोलिसांनी याद्या जप्त केल्या. दहा सेंटिमांनी सम्राटाचं काय बिघडणार होतं? पण देणारी माणसं किती आहेत, हे त्या याद्या सांगत होत्या. भीती होती ती त्याची.

तरीही सुमारे ४०,००० लोकांची वर्गणी जमली. पदक फ्रान्सबाहेर, स्वित्झर्लंडमध्ये घडवून घेतलं. एका बाजूला लिंकनचा चेहरा. दुसऱ्या बाजूला त्यांचं स्मारक आणि गुलामीतून सुटलेली कृष्णवर्णीय माणसं. प्रामाणिक माणूस, गुलामगिरी संपवणारा, अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरले. १८६६ च्या अखेरीस ते पॅरिसमधल्या अमेरिकी वकिलाच्या हाती दिलं. या लहानशा पेटीत फ्रान्सचं काळीज आहे असं मेरीबाईंना सांगा, असा निरोप सोबत होता. पत्रावर व्हिक्टर ह्यूगोंसारख्या मोठ्या लेखकाचीही सही होती.

सोन्याचं पदक एकच. पण त्याच नक्षीची कांस्याची पदकंही निघाली. कांस्य म्हणजे आपलं कासं, तांबं आणि कथील मिळून झालेलं. आजी ज्या काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळायची, तोच धातू. मला तर ते कांस्याचंच पदक त्या दहा सेंटिमांना जास्त शोभतं असं वाटतं.

या गोष्टीशी आपलंही नातं आहे. १८७३ साली जोतिरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांनी त्या लांबच्या लढाईला आपलं म्हटलं.

गोष्ट संपली तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी कनवटीची दहाची नोट काढली आणि म्हणाल्या, "माझं नाव यादीत लिही गं. आणि वाचून दाखव." मी वाचून दाखवलं. मग पुढाऱ्यांना निरोप धाडला, की तुम्हीही द्या, पण दहाच रुपये. ते जरा फुरंगटले, पण दिले.

तसबीर आता भिंतीवर आहे. खाली कुणाचंच नाव नाही. यादी मात्र गटाच्या वहीत आहे, पहिल्या पानावर. तुमच्या गावात पुढच्या वेळी वर्गणी निघाली की रकमेआधी नावं मोजा. येते मी. पुन्हा भेटू.