इंजिनाचा पिवळा दिवा आला कुठून?

मंडळी, हा दिवा आला तो हवेसाठी. धुरक्याने हैराण कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून गाड्यांना स्वतःची तपासणी करायला लावली. १९९६ पासून अख्ख्या अमेरिकेत नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, आणि कोडची भाषा एक झाली.

हे कोड मी एरर लॉगसारखे वाचतो: लक्षण कळतं, कारण नाही. पी००११ म्हणजे इनटेक कॅमशाफ्ट ठरल्यापेक्षा पुढे सरकलाय, एवढंच. व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालते. म्हणून आधी ऑइल बघायचं, मग सोलेनॉइड, मग टायमिंग चेन.

कोड पुसला की दिवा विझतो, बिघाड तसाच राहतो. मेकॅनिक थेट महागडा पार्ट बदलायला निघाला, तर एवढंच विचारा: ‘दादा, ऑइल पाहिलंत का?’