दुसरा साप

श्रावण शुद्ध पंचमीला पाटावर गंधाने नाग रेखून त्याला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवण्याची चाल भोपाळातील आपल्या जुन्या मराठी घरांतून अद्याप मोडलेली नाही. १९५६ साली नव्या राजधानीच्या निमित्ताने नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून आलेली कुटुंबे असोत, की त्याही आधीपासून माळव्यात स्थिरावलेली असोत. त्या दिवशी तवा चुलीवर चढत नाही, विळी हाती घेतली जात नाही आणि उकडलेली पुरणाची दिंडे पानात पडतात. या सणाविषयी आपण सर्वांनीच पुष्कळ ऐकले-वाचले आहे. परंतु एक गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. पाटावर रेखला जातो तो नेहमी फणा उभारलेला नागच असतो. अन्य कोणत्याही सापाला तेथे जागा नाही.

हा विचार मनात येण्यास गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग कारण झाला. कोटरा सुल्तानाबादेत आमच्या शेजारच्या कुटुंबातील एका तरुणाने बॉल पायथन नावाचा पश्चिम आफ्रिकेतील लहान जातीचा अजगर पाळला आहे. घाबरला की अंगाचा चेंडू करून बसणारा हा निरुपद्रवी प्राणी. त्याच्या सरकारी नोंदणीचे कागद समजून घेण्यासाठी तो तरुण आमच्याकडे येत असे. जन्मभर कागदांत काढलेल्या माणसाकडे लोक एवढ्यासाठी तरी येतात. आता त्याला दुसऱ्या जातीचा साप पाळावयाचा होता आणि कोणता घ्यावा याविषयी त्याचे वाचन चालू होते. एका संध्याकाळी पाऊस थांबल्यावर तो झाकण लावलेली बादली घेऊन आला.

"काका, दुसरा साप आयताच मिळाला. नाल्याच्या काठी होता, काठीने बादलीत ढकलला. अजगराचं पिल्लू आहे."

झाकण किंचित सरकवून आम्ही पाहिले. जाड अंग, त्रिकोणी डोके, पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे गडद तपकिरी ठिपके ओळीने मांडलेले, आणि कुकरच्या शिट्टीआधी निघतो तसा लांबलचक फुत्कार. आम्ही झाकणावर वरवंटा ठेवला आणि त्याला मागे सरावयास सांगितले. ती घोणस होती. वन विभागाला दूरध्वनी केला. माणसे आली, तिला रीतसर पकडून घेऊन गेली. तरुणाचा चेहरा उतरला होता. "पण ही नागासारखी दिसत नाही," एवढेच तो म्हणाला.

त्या वाक्यात आपल्याकडील सर्पविषयक इतिहासाचा मोठा भाग सामावलेला आहे, असे आम्हांस वाटते. पहिला साप आपण श्रद्धेने किंवा भयाने निवडतो. तो नाग असतो. दुसरा साप निवडताना मात्र ज्ञान लागते, आणि ज्या ज्या वेळी ते नव्हते त्या त्या वेळी किंमत मोजावी लागली आहे.

साप बाळगणारा आपल्या परिचयाचा सर्वांत जुना माणूस म्हणजे गारुडी. त्याच्या पहिल्या टोपलीत नाग असे, कारण फणा हीच त्याची मिळकत. दुसऱ्या टोपलीतला साप मात्र हाताळण्यास सोपा हवा. म्हणून तेथे धामण किंवा अजगर असे. नाहीतर मांडूळ, ज्याची शेपटी बोथट असल्यामुळे त्याला 'दुतोंड्या' म्हणून खपवता येई. पहिल्या सापाचे दात उपटलेले आणि दुसरा मुळातच बिनविषारी, अशी ती मांडणी. साप दूध पीत नाही. उपाशी आणि तहानलेला ठेवलेला साप वाटीत तोंड घालतो, एवढेच. मांडुळाच्या वाट्याला तर पुढे निराळेच दुर्दैव आले. ते घरात ठेवल्यास धनलाभ होतो, या समजुतीपायी त्याची चोरटी विक्री आजही चालते आणि आपल्या मध्य प्रदेशातही असे व्यवहार पकडले जातात. दुसरा साप अज्ञानाने निवडला म्हणजे काय होते, याचे हे एक उदाहरण.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची कथा वेगळी. तेथे नागपंचमीला पाटावरच्या नव्हे, जिवंत नागाची पूजा होत असे, आणि त्यासाठी गावातील मंडळी आधी कित्येक दिवस शेताशेतांतून नाग धरून आणीत. पूजेनंतर ते पुन्हा सोडले जात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यानंतरचे उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांचे खेळ व मिरवणुका थांबल्या. २०२५ साली केंद्र सरकारने तेथील २१ व्यक्तींना, थोड्या दिवसांपुरती आणि केवळ पारंपरिक ज्ञान व शिक्षण या हेतूने, नाग पकडण्याची अनुमती दिली. श्रद्धेचा मान राखून कायद्याने तिला ज्ञानाच्या वाटेवर आणण्याचा हा प्रयत्न म्हणावा लागेल.

ज्ञानाची वाट मात्र याआधी शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी मुंबईत उघडली होती. घोणशीला इंग्रजीत ज्यांचे नाव मिळाले ते पॅट्रिक रसेल हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील वैद्य. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा त्यांचा सचित्र ग्रंथ १७९६ साली निघाला. विषारी साप कोणता आणि बिनविषारी कोणता हे सामान्य माणसाला ओळखता यावे, ही त्यांची तळमळ होती. सरकारने मात्र पुढे दीर्घकाळ सोपा मार्ग धरला: साप मारून आणा आणि बक्षीस घ्या. १८६२ साली रत्नागिरीत फुरशांसाठी असे बक्षीस लावले, तेव्हा अवघ्या काही दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली. तरीही कोकणातील फुरसे संपले नाही.

१८९० नंतरच्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर उतारा सिद्ध केला. घोड्याला विषाची अल्प मात्रा वाढवीत वाढवीत टोचावयाची आणि त्याच्या रक्तातील प्रतिकारक रक्तजल माणसाला द्यावयाचे, ही त्याची रीत. एका नागाच्या विषावर चालणारे हे औषध सर्व सापांवर चालेल, असा त्यांचा विश्वास होता. पाटावर केवळ नाग काढणाऱ्या आपल्या आजीचा आणि त्या थोर शास्त्रज्ञाचा समज येथे एकच होता, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

तो समज मोडला तो परळला. वाल्देमार हाफकिन यांनी १८९६ साली मुंबईत प्लेगच्या संशोधनासाठी सुरू केलेली प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या सरकारी वाड्यात आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे जॉर्ज लॅम्ब या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने नागाच्या विषाशेजारी दुसरे विष तपासावयास घेतले. ते होते घोणशीचे. नागाचे विष मज्जातंतूंवर आघात करते, पापण्या मिटतात, श्वास थांबतो. घोणशीचे विष रक्तावर आघात करते, त्याची गोठण्याची शक्ती हरपते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. नागासाठी केलेले रक्तजल घोणशीच्या विषापुढे निष्प्रभ ठरते, हे लॅम्ब यांनी दाखवून दिले. १९०५ साली कसौली येथे स्थापन झालेल्या मध्यवर्ती संशोधन संस्थेत मग नाग व घोणस या दोहोंवर चालणारे रक्तजल तयार होऊ लागले. मण्यार आणि फुरसे यांची भर पडून चौघांवर चालणारे औषध हाफकिनमध्ये बनू लागले ते त्यानंतर काही दशकांनी. संस्थेची स्वतःची सर्पशाळा होती. कोणत्या जातीचा साप किती विष देतो याच्या तेथील नोंदी डॉ. पी. जे. देवरस यांनी अभ्यासल्या, आणि 'स्नेक्स ऑफ इंडिया' हे त्यांचे पुस्तक १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढले. दुसरा साप कोणता ठेवावा, या प्रश्नाचे भारतातील सर्वांत फलदायी उत्तर असे परळला मिळाले.

हा इतिहास आम्हांस तरुणपणी ठाऊक असता तर बरे झाले असते. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली, १९८० नंतरच्या दशकातली गोष्ट. एका दूरच्या तहसिलीत आम्ही दौऱ्यावर असताना गावच्या कोटवाराला पहाटे पायाला साप चावला. लोकांनी साप पाहिला होता. जाड होता, ठिपक्यांचा होता, फणा नव्हती. "नाग नव्हे," असे सर्वांनी एकमुखाने सांगितले आणि आम्हीही सुटकेचा श्वास टाकला. सरकारी जीप आमच्या दिमतीला होती. ती आम्ही दुपारपर्यंत दिली नाही, कारण मोजणीचे काम संपवावयाचे होते आणि कोटवार उठून बसला होता, बोलत होता. दुपारी त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. मग धावाधाव झाली. चौथ्या दिवशी तो गेला. लघवी बंद झाली होती, एवढेच आम्हांस सांगण्यात आले. त्याच्या मृत्यूच्या कागदावर 'सर्पदंश' असे लिहून आम्हीच सही केली. कोणता साप, हा रकानाच त्या कागदावर नव्हता.

आज तालुक्याच्या दवाखान्यातही एक साधी परीक्षा करता येते. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवावयाचे; ते गोठले नाही तर घोणशीसारख्या सापाचे विष अंगात भिनले आहे असे समजावयाचे. एवढीच गोष्ट. पण ती करण्यासाठी माणूस आधी दवाखान्यात पोहोचावा लागतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. ज्या राज्यांत हे प्रमाण जास्त आढळले त्यांत आपला मध्य प्रदेश आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

औषधाची कथाही संपलेली नाही. त्यासाठी लागणारे विष बव्हंशी चेन्नईजवळच्या इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे सभासद नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे पकडतात, काही दिवस ठेवून विष काढून घेतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. पूर्वी कातड्यासाठी साप मारणारे हात असे प्राण वाचवण्याच्या कामी लागले. परंतु दक्षिणेकडील घोणशीचे विष आणि अन्य प्रदेशांतील घोणशीचे विष तंतोतंत सारखे नसते, असे अलीकडील संशोधन सांगते. म्हणजे एका घोणशीच्या पोटात आणखी कितीतरी 'दुसरे साप' आहेत, आणि प्रदेशाप्रदेशांचे विष अभ्यासण्याचे काम पुढे उभे आहे.

हौसेने साप बाळगण्याच्या इतिहासातही हेच वळण दिसते. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांच्या सोबत ७२ तास काढले, ते साप विनाकारण चावत नाही हे पटवून देण्यासाठी. त्यांच्या सापांच्या वेडातून १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. एका माणसाची हौस अशी गावाच्या शिक्षणाची जागा झाली. भोपाळात आपल्या मुलांना साप जवळून दाखवावयाचे असल्यास १९८३ साली राष्ट्रीय उद्यान झालेले वनविहार मोठ्या तलावाच्या काठीच आहे.

तेव्हा शेजारच्या तरुणाला आम्ही काय सांगितले? प्रथम कायदा सांगितला, कारण तो आमचा पेशा. नाग, घोणस, धामण, मांडूळ, अजगर असा कोणताही देशी संरक्षित साप घरात पाळता येत नाही. तो बादलीत घालून घरी नेणे हाही गुन्हाच. परदेशी जातींपैकी ज्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत येतात, त्यांची नोंदणी फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते. मग व्यवहार सांगितला. बॉल पायथन पाळलेल्या स्थितीत वीस-तीस वर्षे जगतो, म्हणजे आज पंचविशीत घेतलेला साप पन्नाशीपर्यंत सोबत करील. दुसऱ्या जातीचा साप पहिल्याच्या पेटीत ठेवता येत नाही. त्याची ऊब, ओलावा आणि भूक निराळी, आणि आल्यावर काही आठवडे त्याला वेगळ्या खोलीत ठेवून आजार नाही ना हे पाहावे लागते. एवढे होणार नसेल तर दुसरा साप घेऊ नये.

शेवटी त्याला कोटवाराची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती आम्ही घरातही नीट सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, "काका, दुसरा साप पाळायचा नाही. पण आपल्या कॉलनीत कोणकोणते निघतात, ते ओळखायला शिकतो."

यंदाच्या पंचमीला आमच्या घरी पाटावर नाग रेखला जाईल. चाल मोडावयाची नाही. त्याच्या शेजारी मात्र साखळीच्या ठिपक्यांची एक आकृती काढावी आणि नातवंडांना तिचे नाव विचारावे, असे आम्ही ठरवले आहे. आपणही आपल्या घरी हे करून पाहावे, एवढी विनंती.