राखी कपाळाची हरोळी
कबुतरांच्या कोलंबिडी कुलातील हा फलाहारी वनपक्षी पश्चिम घाट व त्यालगतच्या डोंगराळ प्रदेशात आढळत असून ‘ट्रेरॉन अफिनिस’ हे त्याचे शास्त्रीय नाव आहे. पूर्वी श्रीलंकेपासून फिलिपीन्सपर्यंतच्या हरोळ्यांसह त्याची गणना एकाच जातीत होई. गोव्यात सत्तरीच्या दाट रानांप्रमाणेच डिचोली व पेडणे तालुक्यांतील देवराया, कुळागरांच्या (सुपारी-नारळाच्या बागांच्या) कडा आणि सड्यांच्या (जांभ्या दगडाच्या पठारांच्या) उतारांवरील झाडी हा त्याला मानवणारा अधिवास होय.

पक्षी सुमारे २७ सेंमी. लांब असतो. नराची पाठ तपकिरी-लाल, माथा राखी, पंखांच्या कडा पिवळ्या व पाय लालसर असतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी असलेला हरियाल आकाराने मोठा व पिवळ्या पायांचा असल्याने ओळखू येतो. खरी अडचण मादीची आहे, कारण तिची पाठ हिरवी असल्याने ती नारिंगी छातीच्या हरोळीच्या मादीसारखी दिसते. त्या मादीची मान मागून राखी व शेपटीची मधली पिसे करडी असतात, तर या जातीत ती पिसे हिरवी असतात. म्हणून मादीचे केवळ समोरून टिपलेले छायाचित्र ओळखीला अपुरे ठरते.

उंबर, वड, पायर यांची फळे हे मुख्य खाद्य होय. हरोळ्यांचा पेषणी हा जठराचा स्नायुमय भाग गिळलेल्या खड्यांच्या साह्याने उंबरवर्गातील फळांच्या बियाही भरडतो. त्यामुळे ‘फळे खाणारा म्हणजे बीज पेरणारा’ हे गृहीतक येथे बऱ्याच अंशी फसते. बीजप्रसाराचे श्रेय ड्युकुला वंशातील मोठ्या वनकबुतरांना अधिक शोभते.

उंबरवर्गातील झाडे वेगवेगळ्या वेळी फळत असल्यामुळे निरीक्षकाने ठिकाणापेक्षा पिकलेल्या झाडाचा माग ठेवणे श्रेयस्कर ठरते. हिरव्या पानांत निश्चल बसलेला थवा दिसत नाही. फळे टपटपू लागतात, माणसाच्या शिटीसारखी चढउताराची शीळ ऐकू येते आणि चाहूल लागताच पंखांचा फडफडाट करीत सगळा थवा उडतो. खालून टिपताना मागचे उजळ आकाश पक्ष्याला काळवंडून टाकते, म्हणून एक्स्पोजर वाढवावे लागते. त्यापेक्षा सकाळी निष्पर्ण सावरीवर ऊन खात बसलेले पक्षी उतारावरून, म्हणजे जवळजवळ समपातळीवरून टिपणे सोयीचे असते. काटक्यांचे घरटे इतके विरळ असते की त्यातील दोन पांढरी अंडी कधीकधी खालूनही दिसतात. घरट्याजवळ मात्र कॅमेरा नेऊ नये.