अंतरा–ट्रॅपी थरांतील गोड्या पाण्याचे शंख

दक्षिण ट्रॅपच्या लाव्हा-प्रवाहांदरम्यान साचलेल्या सरोवरी गाळात आढळणारे गोगलगायींचे व शिंपांचे जीवाश्म. हे लाव्हे सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी थांबून थांबून वाहिले. एका प्रवाहाने ओढे-नाले अडले की त्यामागे उथळ तळी साचत, त्यांत प्राणी व वनस्पती वस्ती करीत आणि पुढील प्रवाह आला की ती वस्ती झाकली जाई. अशा गाळास अंतरा–ट्रॅपी थर म्हणतात. त्याची जाडी बहुधा काही मीटरांपलीकडे जात नाही. तो मुख्यतः मृत्तिका, चुनखडक व चर्ट यांचा असतो. चर्टमधील शंखांची जागा सिलिकेने घेतल्याने ते विशेष चांगले टिकले आहेत.

परभणी जिल्ह्याच्या उत्तरेकडील जिंतूरचा डोंगराळ भाग लाव्ह्यांचाच आहे. नेमगिरीची टेकडीही याच खडकाची. अजिंठ्याची डोंगररांग जिंतूर–हिंगोलीवरून आग्नेयीस तेलंगणातील निर्मळच्या डोंगरांकडे जाते. त्या बाजूस, म्हणजे ट्रॅपच्या पूर्व कडेला, शंखयुक्त गाळ विपुल होतो. ट्रॅपच्या मध्यभागी लाव्ह्यांची रास जाड व गाळ विरळ, तर कडेला याच्या उलट, अशी सर्वसाधारण मांडणी आहे. जिंतूरच्या उत्तरेस असलेल्या लोणारच्या सरोवराशी या प्राचीन तळ्यांचा काही संबंध नाही. ते अशनिपाताने व फार अलीकडे झालेले आहे.

या शंखांकडे प्रथम लक्ष गेले ते लष्करी वैद्यांचे. एच्. डब्ल्यू. व्हॉयसी यांना एप्रिल १८२३ मध्ये गाविलगडच्या डोंगरात अश्मीभूत शंख मिळाले. जे. जी. माल्कमसन यांनी निर्मळच्या बाजूने नागपूरकडे जाताना असे शंख जमविले. त्यांचे वर्णन सॉवर्बी यांनी केले व ते १८४० मध्ये प्रसिद्ध झाले. फायसा प्रिन्सेपाय हे नाव तेव्हाचेच. पुढे नागपूर येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी टाकळी व आसपासच्या परिसरात मोठा संग्रह केला आणि हिस्लॉप यांनी १८६० मध्ये अनेक नव्या जातींची वर्णने दिली. पाल्युडिना, लिम्निया, व्हॅल्व्हाटा, मेलानिया आणि युनिओ ही नावे या यादीत वारंवार येतात. त्यांतील बरीचशी आज बदलली आहेत.

फायसा प्रिन्सेपायचा शंख पातळ असून आजच्या फायसांच्या मानाने बराच मोठा असतो. शिखर वर व मुख आपल्याकडे धरले असता त्याचे मुख डाव्या हाताला येते, म्हणून तो वामावर्ती होय. येथे एक घोटाळा टाळावा : पूजेत ज्याला दक्षिणावर्ती शंख म्हणतात, तो प्राणिशास्त्राच्या परिभाषेत वामावर्तीच ठरतो.

या शंखाला पुष्कळ काळ घड्याळाचे काम दिले गेले, आणि ते त्याला झेपणारे नव्हते. हिस्लॉप यांनी हे थर तृतीय कल्पातील मानले. बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये वनस्पति-जीवाश्मांवरून हाच पक्ष मांडला. परंतु फायसा चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव परिसराच्या लॅमेटा थरांतही, म्हणजे लाव्ह्यांच्या खालीही, मिळतो. आणि लॅमेटा थरांत डायनोसॉरांचे अवशेष आहेत. १९८८ मध्ये नसकल (तेलंगण) येथील अंतरा–ट्रॅपी थरातून क्रिटेशस काळातील सस्तन प्राणी डेक्कनोलेस्टिस हिस्लोपाय नोंदला गेला. उलट, छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील थर २००९ मध्ये सूक्ष्म सागरी जीवाश्मांवरून पॅलिओसीनच्या आरंभीचा ठरला. तेव्हा सर्व अंतरा–ट्रॅपी थर एका वयाचे नाहीत. कालनिश्चितीची मुख्य भिस्त आता किरणोत्सर्गी मापन, खडकांचे चुंबकत्व व परागकण यांवर आहे. फायसावरून उथळ गोड्या पाण्याचा अदमास करता येतो, वर्षांचा नव्हे.

मग लाव्ह्याने एक तळे बुजल्यावर नवे तळे हे प्राणी कोठून गाठीत? आजच्या नातलगांची राहणी पाहता याचे उत्तर सर्व जातींसाठी एक असू शकत नाही. फायसा व लिम्निया हवेतून श्वास घेणारे व उभयलिंगी असून त्यांच्यात स्वफलन होऊ शकते. पक्ष्याच्या पायाला चिकटून गेलेला एखादा प्राणीही नवी वस्ती उभी करू शकतो. पाल्युडिनांना कल्ले असतात व नर-मादी वेगळे असतात. तथापि मादी जिवंत पिलांना जन्म देत असल्याने गर्भार मादी पोहोचली तरी पुरते. युनिओ शिंपेचे मात्र मोठे परावलंबन आहे. तिचा डिंभ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना काही काळ चिकटून राहतो. त्यामुळे शिंपा सापडलेले तळे केव्हातरी मासे असलेल्या प्रवाहाशी जोडलेले होते, असे मानण्यास आधार मिळतो. टाकळी, जबलपूर आणि कर्नाटकातील गुरमटकळ अशा दूरदूरच्या ठिकाणी फायसा आढळावा, याचे नवल त्यामुळे कमी होते.

भारताबाहेरील नात्याचा प्रश्न याहून अवघड आहे. नेल्सन ॲनंडेल यांनी १९२० मध्ये ही जाती बुलिनस या प्रामुख्याने आफ्रिकेतील वंशात घातली. इतर अभ्यासक तिला प्लॅटिफायसा या वेगळ्या वंशात ठेवतात. भारत त्या काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेस असून आशियाला जोडला गेलेला नव्हता. जात आफ्रिकी घराण्यातील ठरल्यास तिचे पूर्वज जुन्या गोंडवनभूमीपासून येथेच असल्याची शक्यता बळावते, अन्यथा ते समुद्र ओलांडून आले असावेत. हा निवाडा केवळ शंखाच्या आकारावरून करणे कठीण आहे, कारण मृदुकायांच्या वर्गीकरणास लागणारे मऊ भाग चर्टमध्ये टिकत नाहीत.