औषधांचा विवेकी वापर (रुग्णालयीन)

रुग्णाच्या गरजेनुसार योग्य औषध योग्य मात्रेत, पुरेशा कालावधीसाठी व परवडणाऱ्या खर्चात देण्याची पद्धत.

उगम : जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली यादी प्रसिद्ध केली (पहा : अत्यावश्यक औषधे). १९८५ च्या नैरोबी परिषदेत औषधांच्या विवेकी वापराची व्याख्या ठरली. भारताची अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी १९९६ मध्ये आली. २०२२ च्या आवृत्तीत ३८४ औषधे आहेत.

वैशिष्ट्ये : औषधलेखन पाच निर्देशकांनी तपासतात : प्रतिभेटीतील औषधांची सरासरी संख्या आणि जेनेरिक नावाने लिहिलेली औषधे, प्रतिजैविके, इंजेक्शने व यादीतील औषधे यांचे प्रमाण. उदा., सहा महिन्यांवरील बालकाच्या साध्या पाणीदार जुलाबांत ओआरएस व १४ दिवस रोज २० मिग्रॅ. जस्त पुरते; प्रतिजैविक लागत नाही. चिठ्ठी सुवाच्य, शक्यतो इंग्रजी मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत असावी, असा तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेचा २०१६ चा नियम आहे. काही प्रतिजैविके औषध नियमांच्या अनुसूची एच-१ मध्ये असून विक्रेत्याला त्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते.

महत्त्व : उदाहरणार्थ, महाराष्ट्रात १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात (पहा : हिंगोली जिल्हा) बरेच रुग्ण शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतले असतात; बाहेरून विकत घ्याव्या लागणाऱ्या अनावश्यक औषधाचा भार थेट त्यांच्यावर पडतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. त्यामुळे मर्यादित साठा जपून वापरणे आवश्यक ठरते. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने विवेकी औषधलेखनाचे शिक्षण जिल्ह्यातच देणे शक्य झाले आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू रोखण्यासही ही पद्धत उपयुक्त ठरते (पहा : प्रतिजैविक-प्रतिरोध).