गव्हाविना स्कोन : एका उणिवेचा इतिहास

'ग्लुटेनमुक्त' हा शब्द नकारातून घडलेला आहे. पदार्थात काय आहे हे तो सांगत नाही. काय नाही, एवढेच सांगतो. त्यामुळे तांदळाच्या पिठाचा, बेदाणे-अक्रोड घातलेला स्कोन समोर आला, की खाणारा गव्हाचा स्कोन 'मूळ' मानतो आणि हा त्याचा दुय्यम अवतार समजतो. स्कोन म्हणजे पिठात लोणी चोळून केलेला, बिस्किट आणि केक यांच्या सीमेवरचा, तळहाताएवढा भाजीव पदार्थ. साहित्याच्या अभ्यासकांना मूळ आणि दुय्यम ही जोडी भाषांतराच्या चर्चेतून चांगलीच परिचयाची आहे. ती किती निसरडी असते, याचा प्रत्यय या पदार्थाच्या इतिहासातही येतो.

योगायोग असा, की स्कोन हा शब्द लिखित स्वरूपात प्रथम आढळतो तोही एका भाषांतरातच. गॅव्हिन डग्लस या स्कॉटिश कवी-धर्मगुरूने व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्याचे स्कॉट्स भाषेतील भाषांतर १५१३ मध्ये पूर्ण केले. प्रसंग सातव्या सर्गातला आहे. ट्रॉयहून परागंदा झालेली मंडळी इटलीच्या किनाऱ्यावर झाडाखाली जेवायला बसतात. चपट्या पोळ्यांवर रानफळे मांडलेली असतात. फळांनी पोट भरत नाही, म्हणून ते खालच्या पोळ्याही खातात. तेव्हा ईनिअसचा मुलगा सहज म्हणून जातो, की आपण तर आपली मेजेही खाल्ली. भुकेपायी मेजे खाण्याची पाळी येईल, ही शापासारखी वाटलेली भविष्यवाणी अशी निरुपद्रवी रीतीने खरी ठरते आणि भटकणाऱ्यांना आपली भूमी सापडल्याची खूण पटते. या जेवणाचे वर्णन करताना डग्लसने स्कोन हा आपल्या घरचा शब्द योजला. फळे आणि स्कोन यांची साहित्यातली पहिली गाठ अशी भुकेच्या प्रसंगी पडलेली आहे.

पण हा स्कोन कोणत्या धान्याचा? व्हर्जिलच्या मूळ शब्दाचा संबंध ज्या प्राचीन गव्हाशी जोडतात, त्याच्या जातीचे धान्य आपल्याकडे खपली म्हणून ओळखले जाते. स्कोन हा शब्द बारीक पांढऱ्या पावाच्या डच नावावरून आला असावा, असा कोशकारांचा एक तर्क आहे. म्हणजे नावात गहू असावा. घरोघरच्या तव्यावर मात्र तो क्वचितच होता. थंड, ओलसर स्कॉटलंडात सामान्यांचे पोट ओट आणि जव यांवर भरत असे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात ओटची व्याख्या करताना, इंग्लंडात जे घोड्यांना घालतात त्यावर स्कॉटलंडात माणसे जगतात, अशा आशयाचा टोमणा मारला होता. उलट रॉबर्ट बर्न्सने १७८६ च्या संग्रहातील 'स्कॉच ड्रिंक' या कवितेत गहू आणि ओट यांना बाजूला सारून जवाला धान्यांचा राजा केले आणि त्याच्या मऊ स्कोनचे गुण गायिले. भट्टी नसलेल्या घरात हे स्कोन लोखंडी तव्यावरच भाजले जात. गव्हाचा, फुगलेला, ओव्हनमधला स्कोन ही त्यामानाने अलीकडची आवृत्ती होय.

यावरून ग्लुटेनमुक्त स्कोन म्हणजे मूळ स्कोनकडे परतणे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. गव्हाविना आणि ग्लुटेनविना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीलिअ‍ॅक हा विकार असलेल्या माणसाच्या शरीरात ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तरावर आघात होतो, आणि तो जवातील प्रथिनानेही होतो. बर्न्सचा स्कोन त्याला चालणार नाही. खपलीही गहूच असल्याने 'जुने धान्य निर्धोक' हा समज त्याच्यापुरता घातक आहे. ओट बहुतेकांना चालतो; पण शेतात वा गिरणीत त्यात गहू मिसळलेला नसला, तरच. परंपरेचा दाखला अशा ठिकाणी उपयोगी पडत नाही.

हे ज्ञान आले तेही भुकेच्याच वाटेने. लंडनमधील वैद्य सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि तो बरा व्हायचा तर आहारानेच होईल, असे बजावले. त्यांनी एका मुलाला रोज डच शिंपल्यांवर ठेवले तेव्हा ते सुधारले. हंगाम सरताच पुन्हा खंगले. नेमका दोषी कोण, हे मात्र उमगले नव्हते. हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हावरचा संशय १९३० च्या दशकातला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन कोंडीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. सुमारे वीस हजार माणसे मेली. पाव मिळेनासा झाला. त्या काळात डिके यांचे काही बालरुग्ण सुधारले आणि मदतीचा पाव येताच पुन्हा ढासळले. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध उट्रेख्त विद्यापीठाला सादर केला. इतरांना ज्या पावाने जीवदान दिले, त्यानेच ही मुले आजारी पडली. या विसंगतीतून आजचे पथ्य जन्मले.

आजचा फुगीर स्कोनही अशाच एका उणिवेचा ऋणी आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर सिद्ध केली, ती पत्नीला यीस्ट सोसत नसे म्हणून. पुढे याच भुकटीने स्कोनला हलकेपणा दिला. ज्याला आपण 'मूळ' म्हणतो, तोही कोणाच्या तरी पथ्यातून घडला आहे.

घरी करून पाहताना हा इतिहास हातांना कळतो. गव्हाचा स्कोन मळतानासुद्धा हात हलका ठेवतात, कारण ग्लुटेनचे जाळे वाढले की तो चिवट होतो. म्हणूनच पावापेक्षा स्कोनला ग्लुटेनचा वियोग कमी जाणवतो. आमचे प्रमाण असे : तांदळाचे पीठ १५० ग्रॅम, टॅपिओकाचा स्टार्च ५० ग्रॅम, बेकिंग पावडर दोन छोटे चमचे, झँथन गम अर्धा छोटा चमचा, साखर ३० ग्रॅम, चिमूटभर मीठ, थंड लोणी ५० ग्रॅम, बेदाणे, जर्दाळू आणि अक्रोड मिळून ८० ग्रॅम, एक अंडे आणि लागेल तसे ताक, साधारण ८० मिलिलिटर. कोरड्या जिनसांत लोणी चोळून सुकामेवा मिसळावा, मग अंडे आणि ताक घालून गोळा करावा. तो वीस मिनिटे झाकून ठेवावा, म्हणजे तांदळाच्या पिठाचा रवाळपणा जातो. नंतर जाडसर थापून, कापून २०० अंश सेल्सिअसला पंधरा ते अठरा मिनिटे भाजावे. झँथन गम गाळला तर सुकामेव्याच्या भाराने स्कोन विस्कटतो. रुग्णासाठी करायचे, तर पोळ्यांची परात आणि चाळणी वापरू नये. बेकिंग पावडरीत गव्हाचा स्टार्च नाही ना, हेही पाहावे. २००८ च्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार ग्लुटेनमुक्त पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. परातीच्या कडेला राहिलेले पीठही या हिशेबात जमेस धरावे लागते.

ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांत ग्लुटेन नसते. तरीही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भाकरीला कोणी ग्लुटेनमुक्त म्हटले नाही. तिची ओळख तिच्या धान्यावरून होई. नकारार्थी नाव तेव्हाच लागते, जेव्हा गहू केंद्रस्थानी बसतो. समीक्षकाने या केंद्राविषयी शंका अवश्य घ्यावी. मात्र ज्याच्या आतड्याचा प्रश्न आहे, त्याच्यासाठी हेच नाव पदार्थ करणाराने दिलेले वचन असते, आणि ते अक्षरशः पाळावे लागते.